आवारात लाकूड फोडण्यास मनाई

वहिनी,

तुमच्या सामानाची यादी काल पूर्ण झाली. तीन रकाने केले आहेत: वस्तू, स्थिती, कुणाला द्यायची. लुगडी अकरा, त्यातली सात चांगली, तुमच्या भाचीला. पितळी डबे दोन, एकाचं झाकण बसत नाही, ते मलाच. चष्मा एक, कुणालाच नाही. शेवटच्या ओळीवर 'कोयता, एक' असं लिहिलं, स्थितीच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं आणि तिसऱ्या रकान्याशी येऊन थांबले. माझ्या याद्यांत रकाना रिकामा राहत नाही, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. लोकांचे फोन आता कमी झालेत. जे करतात ते विचारतात, एकटीला करमतं का? मी म्हणते, होईल सवय. घर आवरलेलं आहे, औषधं वेळेवर घेते, दूधवाल्याला अर्धा लिटर कमी करायला सांगितलं आहे. फक्त दोनदा भात लागला. मी न्हाणीत असले की तुम्ही गॅलरीतून कुकरच्या शिट्ट्या मोजायचात, 'तीन झाल्या गो!' म्हणून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडायचात. मला ते अजिबात आवडायचं नाही. आता शिट्ट्या होतात आणि त्या किती झाल्या हे या घरात कुणालाच माहीत नसतं.

पण हे सांगायला लिहायला बसलेले नाही. मला तुमच्याशी त्या नोटिशीबद्दल बोलायचं आहे. ती लागल्यानंतर आठ महिने आपण दोघी एका छताखाली राहिलो, एका ताटलीत मासे निवडले, आणि त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तुम्ही विषय काढला नाहीत. मी काढू शकले असते. आज काढू, उद्या काढू करत राहिले. माझ्या वहीत तेवढी एकच गोष्ट कधी लिहिली गेली नाही.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंच आहे, पण मला क्रमाने सांगितल्याशिवाय जमत नाही.

नौपाड्यातल्या दोन खोल्यांतून मी लग्न करून कोलशेतच्या तुमच्या गावठाणात आले तेव्हा तुम्ही त्या घरात बारा वर्षं जुन्या होता. थोरली जाऊ म्हणून तुम्ही मला धाकात ठेवाल, असं माझ्या आईने बजावून पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातून टक् टक् आवाज आला म्हणून मी दार उघडलं. खाडीच्या बाजूला तोंड करून तुम्ही उकिडव्या बसला होता, लुगडं वर खोचलेलं, हातात हे एवढं मोठं पातं. माझ्या माहेरी सर्वांत मोठं हत्यार म्हणजे विळी. मी दारातच उभी राहिले.

तुम्ही मागे न बघता म्हणालात, "भ्यालीस काय?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग पुरं ये. उजेर अरवू नको." दारातला उजेड सोडून मी पुढे झाले.

मला वाटायचं, लाकूड फोडायचं म्हणजे हात डोक्यावर न्यायचा आणि जोरात खाली आणायचा. तुम्ही तसं कधीच केलं नाहीत. तुम्ही आधी लाकूड हातात घेऊन त्याचं कापलेलं तोंड बघायचात. त्या तोंडावर मधून बाहेर जाणाऱ्या बारीक भेगा असतात. त्यातली सगळ्यात लांब भेग शोधायची, लाकूड जमिनीतल्या ओंडक्यावर उभं करायचं, भेगेवर कोयत्याचं पातं नुसतं टेकवायचं. मग दुसऱ्या हाताने बाभळीचं दांडकं घेऊन पात्याच्या जाड पाठीवर ठोकायचं. दोन बोटं पातं आत गेलं की लाकडाबाहेर राहिलेल्या टोकावर ठोकायचं. चौथ्या-पाचव्या ठोक्याला लाकूड करकरायचं आणि आपणहून दोन बाजूंना पडायचं.

"ताकद लागत नाय," तुम्ही म्हणालात. "लाकूर सांगतं, हितं फोर. तेचं आयकाचं."

वर्षभर तुम्ही मला कोयत्याला हात लावू दिला नाहीत. नुसतं बघायला लावलंत. मी बघताना वहीत लिहून घेत असे. ते पान अजून आहे: गुडघा पात्याच्या रेषेत नको. बारकी फांदी सरळ नाही, तिरपी तोडायची. गाठीचं लाकूड बाजूला ठेवायचं, शेवटी बघायचं. शेवगा आणू नये, तो जळत नाही, नुसता रडतो. काम झालं की पातं पुसून खोबरेल लावायचं, कारण खाडीचा वारा लोखंड खातो. तुम्ही ते पान उलटंसुलटं करून बघितलंत, चौथीपर्यंतच्या शिक्षणाने सावकाश वाचलंत आणि शेजारच्या जनाबायला हाक मारून सांगितलंत, "आमची विद्या लाकरांची हजेरी लावते गो!" पुढे कित्येक वर्षं गावठाणातल्या बायका मला भाजीबाजारात भेटल्या की विचारायच्या, "आज किती लाकरं हजर?"

मला राग यायचा. पण त्याच बायकांना तुम्ही माझ्या माघारी सांगायचात की विद्या हापिसात जाते, तिला कायद्याचं सगळं कळतं. कुणाच्या घरी सरकारी कागद आला की तो तुम्ही माझ्यापुढे आणून ठेवायचात, हापूसची पेटी ठेवावी तसा. माझ्या कामाचा एवढा अभिमान माझ्या माहेरीही कुणाला नव्हता.

मग थोरले भावजी गेले आणि तुम्ही एकट्या झालात. तुम्हाला मूल नव्हतं. त्यानंतर चार वर्षांनी तुमचा धाकटा दीर, माझा मोहन, गेला. माझी मुलगी परीक्षेसाठी बंगळुरूला परत गेली, तिथेच राहिली. आपण दोघी उरलो.

मोहन गेला त्या आठवड्यात मी रडले नाही. तुम्हाला आठवत असेल. मी याद्या करत होते. कुणाला कळवलं, कुणाला कळवायचं राहिलं, कोणते दाखले, किती झेरॉक्स. येणारे म्हणायचे, विद्या किती धीराची. अकराव्या दिवशी दुपारी मी पर्स घेऊन निघाले होते, तुम्ही माझं कोपर धरलंत आणि मला मागच्या अंगणात नेलंत. बाभळीचा ढीग पडला होता. तुम्ही कोयता माझ्या हातात दिलात.

"फोर."

"वहिनी, मला बँकेत जायचंय."

"बँक उद्या. फोर."

मी वाईट फोडलं. भेगा बघितल्या नाहीत, दांडकं घेतलं नाही, वेड्यासारखे घाव घातले. तुम्ही एका शब्दाने टोकलं नाहीत. फक्त पाय मागे घेऊन बसलात आणि एकेक लाकूड पुढे सरकवत राहिलात. चार वाजेपर्यंत माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. मग मला जे रडू आलं, ते कसं आलं आणि किती वेळ होतं, मला सांगता येणार नाही. तुम्ही मला जवळ घेतलं नाहीत. तुम्ही फोडलेली लाकडं लावत होता, जाड एकीकडे, बारीक एकीकडे.

बऱ्याच वेळाने विचारलंत, "झालं?"

"हो."

"मंग चाय ठेव. चूल पेटवाला बारीक लाकरं आता म्हैनाभर पुरतील, येवरी केलीस."

मी हसले होते, वहिनी. मोहन गेल्यावर पहिल्यांदा त्या वाक्याला हसले. तेव्हाही तुम्हाला काही म्हणाले नाही. आपल्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती.

पुढे गावठाणातली आपली आळी बिल्डरला गेली. तीन वर्षं आपण डोंबिवलीत भाड्याच्या घरात काढली. तिथे तुमचा कोयता पलंगाखाली होता आणि फक्त नारळ सोलायला बाहेर यायचा. खिडकीतून शेजारच्या इमारतीची खिडकी दिसायची. तुम्ही तिथे नीट झोपला नाहीत, पण तक्रार केली नाहीत. मग कोलशेतला परत आलो ते सातव्या मजल्यावर. आपल्या विहिरीच्या जागी पंपरूम होती. तुम्ही पहिल्याच दिवशी लिफ्टने खाली गेलात, पंपरूमच्या मागची भिंत बघितलीत, वारा कुठून येतो ते बघितलंत आणि वर येऊन सांगितलंत, "जागा हाय."

मातीची चूल तुम्ही गावठाणातल्या घरातून तीन वर्षं गोणपाटात गुंडाळून सांभाळली होती. माळी झाडं छाटायचा, त्या फांद्या तुम्ही ओढून आणायचात. गुलमोहर कागदासारखा जळतो, सुबाभूळ चांगली, बदाम दोन महिने वाळवल्याशिवाय कामाचा नाही. खाडीकडच्या खारफुटीला, तिवरांना, मात्र तुम्ही कधी हात लावला नाहीत. लहानपणापासून तिवराच्या फाट्यांवर स्वयंपाक केलेल्या तुम्ही, पण तिवर तोडायला बंदी झाली असं मी तुम्हाला सांगितलं त्या दिवसापासून वाळकी काटकीसुद्धा उचलली नाहीत. जनाबाय म्हणाली, कोण बघतंय? तुम्ही म्हणालात, "विद्या बोल्ली कायदा हाय. मंग हाय."

दर रविवारी सकाळी दहा वाजता पंपरूमच्या मागे तांदळाच्या भाकऱ्या होत. गेटवरच्या वाघमाऱ्यांना दोन, झाडूवाल्या बाईला दोन, आपल्याला चार.

मी सोसायटीची सेक्रेटरी झाले, कारण कुणालाच इतिवृत्त लिहायला नको होतं आणि मला आवडतं. पेढे वाटावेत तशा तुम्ही त्याच्या भाकऱ्या वाटल्यात.

मग चौथ्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार आली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला. तुम्ही पाठमोऱ्या, उकिडव्या, लुगडं खोचलेलं, एका हातात कोयता, एका हातात दांडकं. खाली लिहिलं होतं: पंपरूममागे एक बाई भलामोठा कोयता घेऊन बसते, मुलं घाबरतात, धूर येतो. ही सोसायटी आहे की गाव?

कमिटीची मीटिंग झाली. चेअरमन चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याच घरच्या आहेत ना त्या? समजावून सांगा. मुलं खेळत नसतील तेव्हा करा म्हणावं. झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय तिथे संपला होता, वहिनी. खुर्च्या मागे सरकल्या होत्या. मीच म्हणाले, "नाही, नियम सगळ्यांना सारखा हवा. नोटीस काढते."

आणि काढली. सोसायटीच्या आवारात धारदार हत्यार वापरणे, लाकूड तोडणे अथवा फोडणे, तसेच उघड्यावर आग पेटवणे यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून, सेक्रेटरी. खाली माझी सही. लिफ्टशेजारच्या काचेच्या फळ्यात मी स्वतः लावली, चारी कोपऱ्यांना पिना मारून.

तुम्ही ती दुसऱ्या दिवशी वाचलीत. मी भाजी घेऊन येत होते, लांबून बघितलं. तुम्ही काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होता. मी जिन्याने वर गेले. सात मजले. तुम्ही लिफ्टने आलात तेव्हा मी दम लागलेला लपवत फ्रिजमध्ये भाजी लावत होते.

"सही तुजी हाय," तुम्ही म्हणालात.

"हो, वहिनी."

"मोठी करतेस सही. चांगली दिसते."

आणि तुम्ही कांदा चिरायला घेतलात.

त्या दुपारी तुम्ही कोयत्याला तेल लावलंत, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलात आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवलात. मी म्हणाले, "पडाल, मी ठेवते." तुम्ही म्हणालात, "ठेवला." पुढच्या रविवारी भाकऱ्या गॅसवर झाल्या. त्या तशाच फुगल्या. तुम्ही तशाच जेवलात. फक्त जेवण झाल्यावर तुम्ही गॅलरीत जाऊन बसायला लागलात आणि खाली बघायला लागलात. पूर्वी रविवारी दुपारी तुम्ही झोपायचात.

पावसाळ्याच्या शेवटी वाऱ्याने गेटजवळच्या बदामाची मोठी फांदी पडली. तुम्ही मला गॅलरीत बोलावलंत. "विद्ये, बदामाची फांदी परली. कोन नेल?"

मला कळलं होतं तुम्ही काय विचारताय. मी म्हणाले, "महापालिकेची गाडी येईल."

"बरं," तुम्ही म्हणालात.

गाडी चार दिवसांनी आली. चार दिवस तुम्ही ती फांदी बघत होता आणि मी तुम्हाला बघत होते. ती वेळ होती. ती गेली. मग थंडीत तुमची छाती भरली, दवाखान्यात तीन दिवस, आणि तिथे नाकाला नळी असताना असल्या गोष्टी कोण बोलतं? मी तुमच्या औषधांच्या वेळा लिहीत होते. तुम्ही माझ्या वहीकडे बोट करून काहीतरी म्हणालात. मी कान जवळ नेला. "हजेरी," तुम्ही म्हणालात आणि हसलात. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

बाराव्याची सगळी तयारी मी केली होती. खालचा हॉल, केटरर, पन्नास पानं. सकाळी साडेआठला गेटवरून इंटरकॉम आला. वाघमारे होते.

"मॅडम, सहा बायका आल्यात. टेम्पो केलाय. टेम्पोत लाकडं हायेत."

"कसली लाकडं?"

"जळाऊ. म्हणतात, मयताची लाकडं. मॅडम, नोटीस आहे ना आपली. आत सोडू का परत पाठवू?"

मी विसरले होते, वहिनी. पंचवीस वर्षं त्या गावठाणात राहून विसरले होते. मयताच्या घरी बाराव्याला प्रत्येक घरातून दोन-दोन लाकडं यायची आणि गेलेल्या माणसाच्या पानातला भात त्याच लाकडांवर शिजायचा. थोरल्या भावजींना शिजला, मोहनला शिजला. बिल्डर आल्यापासून ती आळी सहा इमारतींत वाटली गेली. कुणाच्या घरी आता सरपण असणार? तरी त्या सहा जणींनी कुठून कुठून लाकडं मिळवली होती, आणि माझी नोटीस त्यांना गेटवर अडवून उभी होती.

"सोडा," मी म्हणाले. "मी खाली येते."

जनाबाय टेम्पोतून उतरत होती. गुडघे गेलेत तिचे. मला बघून म्हणाली, "गो विद्ये, तुजे वाचमनला सांग, आमी काय चोर हावत? हिराची लाकरं हायेत."

"सांगितलंय. या तुम्ही."

"पर ही फोरनार कोन? सगली जारी, मोठाली हायेत. आता आमचे घरांत कोयता कोनाकरंच नाय. हिराचा हाय ना?"

"आहे. माळ्यावर."

"मालेवर? हिरा कोयता मालेवर ठेवील?" जनाबाय थांबली. "तेच्यावर मनाई हाय ना हितं?"

"हो."

"कोनी केली?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "मी केली."

मला वाटलं, आता जनाबाय तोंडाचा पट्टा सोडेल. मला ते हवं होतं. पण तिने नुसती मान हलवली. "ठाव हाय. हिरानं सांगितला मना. मीच बोल्लो, जावेनं असा करावा? तं हिरा बोल्ली, विद्यानं केलं म्हंजे कायदा असंल. तिला माह्यती असतं."

मी वर गेले. स्टुलावर चढले, फडकं सोडलं. पातं जसंच्या तसं होतं, गंजाचा ठिपका नाही. आठ महिने ते तेल टिकत नाही, वहिनी. तुम्ही अधूनमधून ते काढून पुसत होता. मी ऑफिसला गेल्यावर, स्टुलावर चढून.

मी पंपरूमच्या मागे बसले. साडीचा काष्टा मला जमत नाही, नुसती वर खोचली. वर चौदा मजल्यांच्या खिडक्या होत्या. पहिल्या लाकडाचं तोंड बघितलं, भेग शोधली, पातं टेकवलं. जनाबाय म्हणाली, "आगो, येवरं बारकाईनं काय बघतेस, नवरीचं तोंड हाय?" दुसरी म्हणाली, "हजेरी घेते ती!" सगळ्या हसल्या. बाराव्याच्या दिवशी पंपरूममागे सहा बायका हसत होत्या, आणि तुम्हाला ते अजिबात विचित्र वाटलं नसतं.

चौथ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. माझ्या हातातला कोयता बघितला, फळ्याच्या दिशेने बघितलं, मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच?"

"तक्रार लेखी द्या," मी म्हणाले. "सेक्रेटरीच्या नावाने. पुढच्या मीटिंगला मी स्वतः वाचून दाखवते."

त्यांनी फोडलेल्या लाकडांकडे बघितलं आणि विचारलं, "त्या आजी कुठे दिसत नाहीत हल्ली?" तेव्हा मला कळलं की त्यांना माहीतच नव्हतं, कोण गेलं ते. खालच्या हॉलच्या दाराशी मी तुमचं नाव लावलं होतं, पण त्यांना तुमचं नाव कधी कुणी सांगितलं होतं?

तुमच्या पानातला भात चुलीवर शिजला. थोडा धुरकट लागला. तुम्हाला तसाच आवडायचा.

ते सगळं दहा दिवसांपूर्वीचं. पाहुणे गेले, मुलगी परत गेली. परवाच्या मीटिंगचा अजेंडा मी लिहिला आहे, पहिला विषय: लाकूड फोडण्याबाबतची नोटीस मागे घेणे. मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. धुराचा मुद्दा खरा आहे. वेळ ठरवता येईल, जागा ठरवता येईल. मी दोन्ही बाजू लिहून ठेवल्या आहेत. पण मंजूर झाला तरी पंपरूमच्या मागे जाऊन बसणार कोण?

जी गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, ती आता सांगते. तो फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी ऑफिसात होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईने माझ्या मोबाइलमध्ये डोकावून बघितलं आणि हसून विचारलं, "अगं, कोण ही? तुमच्या बिल्डिंगमधली?" तुमची पाठ मी हजारात ओळखीन. मी म्हणाले, "माहीत नाही. कुणीतरी कामवाली असेल."

त्या एका वाक्यानंतर मला नोटीस काढावीच लागली. तुम्ही तिथे पुन्हा बसायला नको होता, पुन्हा कुणी फोटो काढायला नको होता, मला पुन्हा कुणी विचारायला नको होतं. आग, मुलं, धार, सगळं मी नंतर जोडलं. मला जोडता येतं.

टेम्पोतली सात-आठ लाकडं उरली आहेत. पंपरूमच्या भिंतीला उभी करून ठेवलीत. ऑफिसला जायच्या आधी रोज एक फोडते. जळायला नको आहेत ती, मी चूल पेटवत नाही. बाकी दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, तेवढा वेळ तुमच्याशी झाल्यासारखं होतं. आज सकाळी गाठीचं निघालं. तुम्ही असतात तर बाजूला ठेवलं असतंत. मी ठेवलं नाही. पातं चार बोटं आत गेलं आणि थांबलं. टोकावर ठोकून बघितलं, मुठीकडून ठोकून बघितलं. पुढे जाईना, मागे येईना. पंपाचा आवाज चालू होता. मूठ धरून तशीच बसून राहिले आणि तोंडातून मोठ्याने निघालं, "कायदा नव्हता, वहिनी. मला तुमची लाज वाटली होती."

भिंतीपलीकडून वाघमारे आले. "मॅडम, मला काय म्हणालात?"

"तुम्हाला नाही, वाघमारे," मी म्हणाले.